डाव्या पायाला काम नाही

सिग्नल हिरवा होता, रस्ता मोकळा होता, आणि तरीही पुढची राखाडी गाडी भर चौकात खिळल्यासारखी उभी राहिली.

मागच्या गाडीत ती होती. तिने ब्रेक दाबला. दाबला तो वेळेवरच, पण नुकत्याच पडून गेलेल्या सरीने रस्ता ओला होता. गाडी हातभर घसरली आणि पुढच्या बंपरला टेकली. आवाज झाला तो एवढाच, की कुणीतरी दारावर एकदाच टकटक करावी आणि थांबावे.

राखाडी गाडीचे दार उघडले. आधी एक काठी बाहेर आली, मग उजवा पाय, मग बराच विचार करून डावा. पस्तिशीच्या आतबाहेरचा, उंच, केस विस्कटलेला माणूस लंगडत मागे आला.

"माफ करा," तो म्हणाला. "म्हणजे... धडकलात तुम्ही, पण चूक माझीच आहे."

ती वाकून बंपर बघत होती. ओरखडासुद्धा नव्हता. मान वर न करताच तिने विचारले, "डावा पाय मारलात ना?"

"काय?"

"क्लच समजून ब्रेक दाबलात. डाव्या पायानं."

"हे तुम्हाला मागून दिसलं?"

"गाडीनं नाक टेकलं ते दिसलं. ब्रेक दाबणारा माणूस अंदाजानं दाबतो. क्लच दाबणारा पार तळापर्यंत नेतो. तुमची गाडी ऑटोमॅटिक आहे. तिला क्लच नाहीये."

"ते मला माहीत आहे हो," तो म्हणाला. "पायाला माहीत नाही."

ती हसली. अनोळखी माणसाच्या बोलण्यावर असे पटकन हसू येऊन किती काळ झाला, हे तिला त्याच क्षणी जाणवले आणि तिने हसणे आवरते घेतले. मागे हॉर्न सुरू झाले होते. तिच्या गाडीच्या टपावरची ड्रायव्हिंग स्कूलची पाटी त्याने आत्ता कुठे वाचली.

"तुम्ही शिकवता?"

"हो."

"पायालाही?"

"उद्या सकाळी आणा. बघू."

"दोन्ही आणू, की एकच?"

"डावा घरी ठेवलात तरी चालेल," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक लांबट खोली, भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा उन्हाने फिकटलेला तक्ता, चार खुर्च्या, आणि बाहेर तीन गाड्या. त्यातली एकच ऑटोमॅटिक, आणि ती शिकवणारी तीही एकटीच. उरलेले दोघे शिक्षक त्या गाडीला 'पाळणा' म्हणत. मालक तिला तोंडावर 'ब्रेकबाई' म्हणत, आणि तिने ते मनाला लावून घेणे केव्हाच सोडून दिले होते. पाळण्यात शिकायला येत ती गुडघे दुखणारी, भित्री, उशिरा शिकायला निघालेली माणसे. त्यांना शिकवायला धीर लागे, आणि तो तिच्यापाशी होता. वापरायला दुसरीकडे कुठे जागाच नव्हती.

दिवसभर ती माणसांच्या इतक्या जवळ बसे, की कोण घरी भांडून आले आहे आणि कोण न जेवता, हे तिला गाडी सुरू व्हायच्या आत कळे. पण माणसे तिला माहीत होती ती डाव्या बाजूने. डावा कान, डावा गाल, स्टिअरिंगवरचा डावा हात. तिच्याकडे मात्र कुणी बघत नसे. चुकून कुणी बघितलेच, तर तीच ओरडे, 'समोर बघा.' तिच्या नोकरीत हे वाक्य सगळ्यांत जास्त वेळा म्हणावे लागे.

आणि शिकलेला माणूस परत येत नाही. यायचे कारणच उरत नाही. एकदा किराणा दुकानात मागे उभी असलेली बाई महिनाभर तिच्या शेजारी बसून गाडी शिकली होती. तिने ओळखले नाही. हिने दुकानदाराला साबण मागितला तेव्हा कुठे ती बाई ओरडली, "अगंबाई, मॅडम! आवाजावरून ओळखलं हं!"

घरी आल्यावर तिने ते वाक्य आरशासमोर एकदा म्हणून बघितले होते. मग जेवण गरम केले होते.

तो माणूस दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी आला. गुरांचा डॉक्टर होता. एका गाईने लाथ मारून डावा गुडघा फोडला होता, शस्त्रक्रिया झाली होती, आणि आता तो पाय क्लचचा भार पेलणार नव्हता. जुनी जीप विकून टाकली होती. राखाडी गाडी त्याच्या थोरल्या बहिणीची.

"लाथ मारली म्हणजे काय, तिचं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "माझा हात तेव्हा कुठे होता हे ऐकलंत, तर तुम्हीसुद्धा मारली असती."

"सीट मागे घ्या. आरसा लावा. डावा बूट काढा."

"बूट?"

"बूट घातलेला पाय कामावर आल्यासारखा वागतो. अनवाणी पायाला कळतं, आज सुट्टी आहे."

डॉक्टरने बूट काढला. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होते. दोघांनाही ते एकाच वेळी दिसले.

"त्याला बाहेरचं बघायला खिडकी ठेवलीय," तो गंभीरपणे म्हणाला.

"त्याला सांगा, नुसतं बघ. हात लावू नकोस." मग तिने गिअरच्या दांड्यावर बोट ठेवले. "पी म्हणजे मुक्काम. आर म्हणजे मागे. एन म्हणजे गाडी कुणाचीच नाही. डी म्हणजे पुढे. ब्रेक दाबल्याशिवाय पी सुटत नाही. डी वरून एन वर दांडा नुसत्या धक्क्यानं जातो. पण आर वर न्यायचा असेल, तर बाजूचं हे बटण अंगठ्यानं दाबावं लागतं. मुद्दाम दाबल्याशिवाय मागे जाता येत नाही."

"चारच? माझ्या जीपला पाच गिअर होते, आणि सहावा नशिबाचा."

"हिला नशिबाचं काम नाही. डी वर टाका आणि विसरून जा. विसरणं हेच शिकायचंय."

तेच अवघड होते. इंजिनाचा आवाज चढला, की डॉक्टरचा डावा हात सवयीने दांड्याकडे जाई आणि पुढचा गिअर टाकायला म्हणून त्याला ढकली. दांडा डी वरून एन वर. मग इंजिन नुसते ओरडे आणि गाडी सुटलेल्या पतंगासारखी वाहत राही. तिच्या पायाशी शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक होता. तो ती हलकेच दाबी, दांडा परत ओढी आणि म्हणे, "हात मांडीवर."

"कुणाच्या?"

"समोर बघा."

तो हसे. तिला त्याच्या हसण्याचा फक्त डावा कोपरा दिसे. तिथे एक बारीक खळी पडत होती. उजवीकडेही पडत असेल का, असा विचार तिच्या मनात आला आणि तिने घाईघाईने त्याला डावीकडे वळायला सांगितले. डावीकडे रस्ताच नव्हता.

"मॅडम, हे रद्दीचं दुकान आहे."

"...पुढचं डावं वळण."

दुसऱ्या आठवड्यात त्याची थोरली बहीण मागच्या सीटवर बसून आली. भाऊ काय शिकतो ते बघायला आले आहे, असे म्हणाली, पण बघत होती ती सगळा वेळ शिकवणारीकडेच. ताई शाळेत शिकवत असे आणि तिचा आवाज गाडीपेक्षा मोठा होता.

"याला सायकल मीच शिकवली. मागे धरलं, की झोकात चालवायचा. सोडलं, की पडायचा. धरलेलंच आवडायचं त्याला!"

"ताई, मी गाडी चालवतोय."

"तू गाडी चालवतोयस, मी बोलतेय. कुठे अडतंय तुझं? काय हो मॅडम, होईल ना हा पास? महिनाअखेरीला परिवहन कचेरीची परीक्षा आहे. नाही झाला, तर ती डोंगरापलीकडची जागा गेली म्हणून समजा."



"कसली जागा?" तिने विचारले.

"सांगितलं नाही यानं? डोंगरापलीकडे गुरांचा दवाखाना आहे. दोन वर्षं तिथे डॉक्टर नाही. यानं स्वतः अर्ज करून मागून घेतलीय. पण तिथे सगळं फिरतीचं काम. गाडी चालवता येते असा दाखला पाहिजे. नाहीतर खातं याला इथंच टेबलावर बसवणार, लसींच्या बाटल्या मोजायला. बसेल का हा? हा माणसांशी धड बोलत नाही, बाटल्यांशी काय बोलणार!"

"समोर बघा," ती म्हणाली. डॉक्टर समोरच बघत होता.

त्या दिवशी घरी जाताना तिने हिशेब सरळ मांडला. ती नीट शिकवणार, तो पास होणार, आणि मग तो चार तासांच्या रस्त्यापलीकडे जाणार. तिने वाईट शिकवले, तर तो इथे राहणार. आयुष्यात तिने एकही माणूस वाईट शिकवला नव्हता.

चष्म्याच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या. रविवारी दुपारी वहिनीचा फोन आला. भाऊ-वहिनी दुसऱ्या शहरात असत, आणि वहिनीला तिच्या लग्नाचा विषय काढायला प्रस्तावना लागत नसे.

"दिवसभर पुरुषांच्या शेजारी बसतेस तू. एक तरी धड सापडू नये?"

"सापडतात की. शिकले की जातात."

"मग नीट शिकवू नकोस ना!"

वहिनी हसत सुटली. ती हसली नाही. "वहिनी, कुकर झालाय," म्हणून तिने फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हते.

कारण वहिनीने जे गमतीत म्हटले, ते तिने सुरू केले होते. एक शेवटचा धडा ती प्रत्येकाला तिसऱ्या आठवड्याच्या आरंभी देई. पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या चढावर गाडी उभी करायला शिकवायची. तो झाला, की शिकवण संपली. डॉक्टरला तिने तो दिला नव्हता. "वरच्या रस्त्याचं काम चाललंय," असे ती म्हणाली. दोन दिवसांनी पुन्हा म्हणाली, "अजून खणलेलंच आहे." त्याने मान हलवली. विचारले काहीच नाही.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट व्हायला लागली. डॉक्टर बिघडायला लागला.

ज्याचा डावा पाय आता निवांत असे, ज्याचा हात आठवडाभरात एकदाही दांड्याकडे गेला नव्हता, तो पुन्हा चुकू लागला. सुटायच्या वेळी एन वरच विसरे. पी च्या जागी भलतेच करी. "काय झालं बुवा आज," असे म्हणून कपाळाला हात लावी. तिने पहिल्या दिवशी समजावले, दुसऱ्या दिवशी समजावले. मनातून तिला बरे वाटत होते, आणि बरे वाटते म्हणून वाईटही.

त्या सकाळी ते बाजाराच्या सिग्नलला तांबड्या दिव्यावर उभे होते. डॉक्टरने आरशात बघितले. मग त्याने तिच्याकडे बघितले, चोरटे, अर्धा क्षण. मग त्याच्या अंगठ्याने दांड्याचे बटण दाबले आणि दांडा आर वर गेला.

तिला ते दिसले, पण अर्थ लागायच्या आत दिवा हिरवा झाला होता. त्याने ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी मागे सरकली. तिने आपला ब्रेक दणकन दाबला.

मागून किंचाळी आली. एक सायकलवाली मुलगी दप्तरासह बाजूला उडी मारून उभी होती. सायकल आडवी पडली होती. चाक गाडीपासून वीतभर. मुलीने सायकल उचलली, दोघांनाही एक शिवी दिली, आणि निघून गेली.

"पलीकडे घ्या. कडेला," ती म्हणाली.

त्याने घेतली. अगदी नीट, एकाही चुकीशिवाय.

"मुद्दाम केलंत."

"मॅडम, मी..."

"डी वरून एन वर हात चुकून जातो. शंभर जणांचा जातो. पण बटण कुणी चुकून दाबत नाही. आणि चुकणारा माणूस चुकायच्या आधी शेजाऱ्याकडे बघत नाही!"

त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला होता. "आरशात बघितलं होतं मी. मागे कुणी नव्हतं."

"तेव्हा नव्हतं."

त्याने पुन्हा आरशात बघितले. मग म्हणाला, "हो. तेव्हा नव्हतं. तिला काही झालं असतं, तर... मूर्खपणा केला. दुसरा शब्द नाही."

"खरी चूक करा हवी तेवढी. तिच्यासाठी मी पाय ठेवून बसलेली असते. खोट्या चुकीला माझ्याकडे ब्रेक नाही." तिचा आवाज कापत होता, आणि तो रागानेच कापतो आहे असे तिला ठामपणे सांगता आले नसते. "का केलंत?"

"शिकलो असं तुम्हाला दिसलं असतं, तर उद्यापासून सात वाजता मी कुठे गेलो असतो?"

समोरून भाजीची गाडी गेली. तिच्यामागून दोन रिकामे ट्रक. ती ते सगळे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "डी वर टाका. चढाकडे चला."

"खणलंय ना तिथे?"

"चला म्हटलं ना."

रस्ता गुळगुळीत होता. कुठेही कुदळीचा एक घाव नव्हता. डॉक्टर ते बघत होता, उजवीकडे, डावीकडे. चढाच्या मधोमध तिने त्याला थांबायला सांगितले. बारीक पाऊस भुरभुरत होता. खाली शहराची छपरे ओली, करडी, एकसारखी पसरली होती. त्यातले एक तिचे होते. इथून ते तिलाही ओळखू येत नसे.

"पाय ब्रेकवरच ठेवा. लगेच पी नाही. आधी एन. आता हँडब्रेक ओढा. आता ब्रेकवरचा पाय सोडा... हळू."

गाडी तसूभर मागे टेकली, थकल्या माणसाने भिंतीला पाठ लावावी तशी.

"आता पुन्हा ब्रेक. मग पी. आता इंजिन बंद."

"सरळ पी टाकला असता तर? थांबलीच असती की."

"थांबते. पण पी म्हणजे आत बोटाएवढा एक दात असतो, तो अडकतो. चढावर सरळ पी टाकला, की अख्ख्या गाडीचा भार त्या एका दातावर येतो. तो रात्रभर पेलतो. सकाळी दांडा ओढलात, की ठण्णकन आवाज होतो. तेव्हा कळतं, केवढं ओझं होतं ते."

डॉक्टर थोडा वेळ काचेवरचे थेंब बघत राहिला.

"असं किती दिवस पेलतो तो?"

"पुष्कळ. वर्षानुवर्षं पेलतो."

"आणि कुणाच्या लक्षात येत नाही?"

"समोर बघा," ती म्हणाली.

"मॅडम, गाडी बंद आहे. पी मध्ये आहे. हँडब्रेक ओढलेला आहे, भार हँडब्रेकवर आहे. सगळं तुम्ही सांगितलं तसं केलंय." त्याने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. "आता तरी तुमच्याकडे बघू?"

तिने आपल्या ब्रेकवरचा पाय काढून घेतला. मग म्हणाली, "बघा."

तो वळला. खळी उजवीकडे नव्हती. तिथे भुवईवर एक जुनी खूण होती, आणि डोळे तिला वाटले होते त्यापेक्षा जास्त दमलेले होते. तो बघत राहिला. तिला नजर कुठे ठेवावी ते कळेना. इतकी वर्षे तिने लोकांना कुठे बघायचे ते सांगितले होते. स्वतःकडे कुणी बघत असताना काय करायचे, हे तिला कुणी शिकवले नव्हते.

"मी पण खोटंच बोलले," ती म्हणाली. "काम कधीच चाललं नव्हतं इथे. हा धडा शेवटचा असतो."

"म्हणजे मी खोटं चुकलो, आणि तुम्ही खोटं खणलंत."

ती हसली. यावेळी तिने ते आवरले नाही.

"ताईला सांगतो," तो म्हणाला, "जागा गेली म्हणून. बाटल्या मोजेन. काय बिघडलं?"

"नाही."

"का नाही?"

"परीक्षा नीट द्या, आणि पास व्हा. नापास होऊन राहिलात, तर पहिले चार महिने माझ्यासाठी राहिलो म्हणाल. मग रोज त्या टेबलावर बसून, मी तुमच्या न जाण्याचं कारण आहे, हे तुमच्या ध्यानात येत जाईल. तुम्ही बोलणार नाही, पण मला डाव्या बाजूनं सगळं कळतं. मला कुणाचं कारण व्हायचं नाही, डॉक्टर."

"मग काय व्हायचंय?"

ओठांपर्यंत आलेले काहीतरी होते, पण ते म्हणायची तिच्या तोंडाला सवय नव्हती. "पुढच्या शिकाऊंची वेळ झाली," ती म्हणाली. "ब्रेक दाबा. गाडी सुरू करा."

तो पास झाला. एकही गुण कापला गेला नाही, हे त्याने स्कूलमध्ये येऊन सांगितले, तेव्हा मालक मोठ्याने म्हणाले, "आमच्या ब्रेकबाईंचा शिकाऊ आहे, कापतील कसे!" ती शिकवायला बाहेर गेलेली होती. तो थांबून थांबून गेला. ती परतल्यावर तिला खुर्चीवर बसलेल्या माणसाचे वर्णन तिघांनी तीन तऱ्हांनी ऐकवले.

निघायच्या दिवशी सकाळी, ताईने त्यालाच देऊन टाकलेली राखाडी गाडी चष्म्याच्या दुकानासमोर येऊन थांबली. मागच्या सीटवर दोन पेट्या, एक कंदील, पुस्तकांचा गठ्ठा. त्याने काच खाली केली.

"गावाबाहेरच्या नाक्यापर्यंत येता? तिथून बस आहे परतीची. ताईनं चौकशी करून ठेवलीय. म्हणाली, त्यांना घेऊन जा, नाहीतर तू नाक्यापर्यंतसुद्धा जायचा नाहीस."

ती तशीच, चपला पायात सरकवून खाली आली.

तो चांगली गाडी चालवत होता. चौकात वेग कमी करत होता, वळणावर घाई करत नव्हता, दांड्याकडे एकदाही बघत नव्हता. तिला सांगण्यासारखे काही उरले नव्हते, आणि सूचना सोडून दुसरे काही बोलायची तिला सवय नव्हती. त्यामुळे दोघे मुकाट्याने शहर ओलांडत होते. हॉस्पिटल मागे पडले, लाकडाच्या वखारी मागे पडल्या. प्रत्येक गोष्ट नेहमीपेक्षा लवकर मागे पडत होती.

नाक्यावर एक पत्र्याची शेड होती आणि तिच्यात सिमेंटचा बाक. त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच होते.

"बरं मग," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. दार उघडायला हात नेला, आणि तो तिथेच ठेवला.

आता उतरले, की झाले. इतकी वर्षे प्रत्येक जण असाच गेला होता, शिकून, नीट, रस्त्याच्या योग्य बाजूने. आपण कुणालाच थांब म्हटले नव्हते, आणि कुणी थांबले नव्हते. यात लोकांचा दोष शोधायचा तर तो फारसा सापडत नव्हता.

"तुम्ही चढावर एक विचारलं होतं," ती म्हणाली.

"रोज विचारतोय. तुम्हाला ऐकू जात नसेल, घरी विचारतो मी."

"मला..." ती दारावरच्या स्वतःच्या हाताकडे बघत बोलत होती. "माझ्याकडे सगळे काही कारणानं येतात. कारण संपलं की जातात. मला कुणाच्या तरी घरी कारण नसताना जायचंय. काही शिकवायचं नाही. कुठे वळायचं ते सांगायचं नाही. नुसतं... जाऊन बसायचं. आणि त्या माणसानं विचारू नये, काय काम काढलंत म्हणून." तिने वर बघितले. "तुम्ही विचाराल?"

त्याने इंजिन बंद केले. त्याने तिचा दारावरचा हात काढून आपल्या हातात घेतला. त्याचा तळवा खडबडीत होता आणि गार पडला होता.

"नाही विचारणार," तो म्हणाला. "कधीच. दार उघडंच असेल. पण तिथे बघायला काही नाही हं. गुरं आहेत, वारा आहे, आणि मी."

"गुरं चालतील."

"बाकीच्या दोघांचं काय?"

"बघू. आधी येऊन तर जाऊ दे."

"शनिवारी दुपारची बस तिथे संध्याकाळी पोचते. थांब्यावर उभा राहतो. शनिवारी ये... या. या म्हणजे."

"ये चाललं असतं," ती म्हणाली आणि उतरली.

राखाडी गाडी मुख्य रस्त्याला लागली, उजवीकडचा दिवा चमकला आणि विझला. वळणापर्यंत ती सरळ, एका वेगाने जाताना दिसत होती. तिने हात हलवला नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावरसुद्धा बराच वेळ समोर नुसता रस्ता होता. शनिवार लांब होता. आज संध्याकाळी त्याच दोन खोल्या, तेच एका माणसाचे जेवण, आणि उद्या सकाळी सात वाजता शेजारी दुसराच कुणाचा तरी डावा कान.

शेडमध्ये बाकावर एक म्हातारी बसली होती. पिशव्या अख्ख्या बाकावर मांडलेल्या. तिने सगळे बघितले होते आणि बघितले नाही असे दाखवायची तिला गरज वाटत नव्हती.

"बस कितीला आहे, आजी?"

"यायची तेव्हा येते." म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "कोण गेलं गं? नवरा का तुझा?"

तिने वळणाकडे एकदा बघितले.

"अजून नाही," ती म्हणाली.

म्हातारीने मान डोलावली, एकेक पिशवी उचलून खाली ठेवली, आणि शेजारची जागा हाताने पुसून दिली.